दोनवर

अकरा वर्षं मी डेल हार्ग्रेव्हकडे पाठ करून उभा होतो, तरी त्याला माझ्याइतकं कोणी ओळखत नव्हतं. उभा म्हणजे खरं तर वाकलेला. अमेरिकन फुटबॉलमध्ये सेंटरचं कामच तसं. चेंडू जमिनीवर, त्यावर माझा उजवा हात, मागून माझ्या दोन पायांच्या मध्ये चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे, म्हणजे डेलचे, दोन पंजे, आणि समोर नाकाला नाक भिडवून तीनशे पौंडांचा एक माणूस, ज्याला माझ्या अंगावरून पलीकडे जायचं आहे. डेलची हाक आली की चेंडू मागे त्याच्या हातात थापायचा आणि त्याच क्षणी डोकं समोरच्याच्या छातीत घालायचं. एका सामन्यात साठ-सत्तर वेळा. वर्तमानपत्रांत फोटो यायचे ते डेलचे. माझेही यायचे, पण मागून.

"माझ्यापेक्षा डेलचा हात तुला जास्त लागलाय," असं माझी बायको आयरीन चारचौघांत सांगायची. डेलची बायको मार्लिस त्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची.

आमचा संघ इरीचा, स्टोकर्स. सरोवरावरून वारा सुटला की मैदानात उभं राहणंच मुश्किल व्हायचं. अशा गावात टेक्ससच्या उन्हातला क्वार्टरबॅक कोण आणतो? पण आणला. डेलला निवडलं तेव्हा जवळजवळ सगळी चांगली पोरं उचलून झाली होती. पहिलं वर्ष तो बाकावर बसून होता. लांब फेकीत तो काही फार मोठा नव्हता. पण त्याचा बाप गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा, आणि बापाचा गळा त्याच्याकडे आला होता. मला विचाराल तर त्या गळ्यावर तो बारा वर्षं या धंद्यात टिकला.

ते कसं, ते सांगतो. आम्ही अकरा जण गोल करून उभे राहायचो, डेल डाव सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "तीनवर." म्हणजे तो "हट, हट, हट" असं ओरडेल आणि तिसऱ्या हटला मी चेंडू द्यायचा. हा आकडा आम्हाला ठाऊक, समोरच्यांना नाही. आमच्या बाजूने चेंडू हलायच्या आधी ते पुढे घुसले तर पाच यार्ड जमीन आम्हाला फुकट. डेल पहिलं हट असं काही हाणायचा की भलेभले घुसायचे. दुसरं नुसतं पुटपुटायचा. कधी मध्ये इतका थांबायचा की माझेच पाय थरथरायला लागत. आणि एकदा वापरलेला आकडा लागोपाठ कधी दुसऱ्यांदा वापरायचा नाही. "गिऱ्हाईक एकाच युक्तीला दोनदा फसत नाही, कॅझ," म्हणायचा. माझं नाव कॅझिमिर डोंबेक. ते पूर्ण घेणारी माझी आईच काय ती उरली होती.

बारा हंगामांत डेलने सगळं केलं, फक्त अंतिम सामना खेळला नाही. दोनदा दारापर्यंत जाऊन आम्ही परत आलो. तो छत्तीस वर्षांचा झाला, खांदा बोलायला लागला. त्या जानेवारीत उपांत्य सामना आमच्याच मैदानावर आला, तेव्हा शुक्रवारी आम्ही दोघं पर्च मासे खायला गेलो होतो. डेलने माशाला हात लावला नाही.

"या खांद्यात अजून दोन सामने आहेत," तो म्हणाला. "हा आणि पुढचा. त्यानंतर मला हात वर करून दाढीसुद्धा करता आली नाही तरी चालेल."

"दाढी मार्लिस करेल."

"मी थट्टा करत नाहीये, कॅझ. तू फक्त चेंडू दे. बाकी मी बघतो."

"अकरा वर्षं आणखी काय करतोय मी?" असं म्हणून मी त्याचे मासे खाऊन टाकले.

आता लूबद्दल सांगायला हवं. लू आमच्या दुखापती बघायचा. त्या काळात कोणाच्या डोक्याला फटका बसला की आम्ही म्हणायचो, घंटा वाजली. घंटा वाजलेल्या माणसासमोर लू दोन बोटं धरायचा आणि विचारायचा, "किती?" सव्वीस वर्षं तो दोनच बोटं दाखवत होता. तीन दाखवली असती तर अर्धा संघ घरी बसला असता, हे लूला ठाऊक होतं, कोचला ठाऊक होतं आणि आम्हालाही. नवा खेळाडू आला की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्याच्या कानात सांगायचं, "काहीही दिसू दे, दोन म्हण." आम्ही त्यावर हसायचो. मीसुद्धा पोटभर हसलोय.

सामन्याच्या दिवशी जमीन दगडासारखी गोठली होती. शेवटच्या भागात आठ मिनिटं उरली होती आणि आम्ही चार गुणांनी मागे होतो, सतरा-तेरा. डेलने चेंडू फेकला आणि फेकून झाल्यावर त्यांच्या एकाने त्याला उचलून मागे आपटलं. मी तिकडे तोंड करून नव्हतो. पण हेल्मेट जमिनीवर आपटल्याचा आवाज मला गर्दीतूनही ऐकू आला.

कोच ब्रूबेकरने हातातला शेवटचा टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवायची शेवटची मुभा, खर्च केला. लू धावत आला, डेलच्या नाकाखाली अमोनियाची पुडी धरली आणि बोटं दाखवली.

"किती?"

"दोन," डेल म्हणाला.

"झालं. उठ."

डेल उठला. चालत आला, सरळ चालत आला. कोचने पाठवलेला डाव त्याने बरोबर सांगितला आणि म्हणाला, "दोनवर." सहा यार्ड मिळाले. पुढचा डाव, "दोनवर." नऊ यार्ड. पुन्हा "दोनवर," पुन्हा सात. मला वाटलं, म्हातारा बाजार मांडतोय. तीनदा दोन दाखवून चौथ्यांदा तीन करणार, आणि ते सगळे घुसून तोंडावर पडणार. बाकीच्यांनाही तेच वाटत असावं, कारण ते हेल्मेटच्या आत हसत होते. मला त्याचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

माझ्यासमोर मोझेस टिलमन होता, डोंगराएवढा, पण बोलका. तो म्हणाला, "काय रे कॅझ, तुमच्या म्हाताऱ्याला एवढंच मोजता येतं का?"

"घुस ना पुढे, कळेल," मी म्हणालो.

मग पुन्हा गोल झाला. साडेचार मिनिटं बाकी. डेलने डाव सांगितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दोनवर, रस्टी."

रस्टी हा डेलच्या शाळेतला सेंटर. त्याच्या गोष्टी मी शंभर वेळा ऐकल्या होत्या. तो विशीतच ट्रक उलटून गेला होता.

"डेल," मी म्हणालो, "आज वार कोणता?"

"दोन," डेल म्हणाला.

सगळे खो खो हसले. त्यांना वाटलं, लूची नक्कल करतोय. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. डेल हसत नव्हता. उत्तर बरोबर आलं ना, अशा नजरेने तो माझ्याकडे बघत होता, शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखा. 

मी बाहेर बघून ओरडलो, "कोच, याला बाहेर घ्या!"

"लूने बघितलंय!" कोच ओरडला. "खेळ!"

आम्ही ओळीत आलो. मी वाकलो, चेंडूवर हात ठेवला. मागून डेलचे पंजे आले, नेहमीच्या जागी, नेहमीच्या दाबाने. हातांना सगळं आठवत होतं. त्याचं मला फार वाईट वाटलं, कारण मी तो चेंडू दिला असता तर त्याने तो घेतला असता, तीन पावलं मागे गेला असता, नेम धरून उभा राहिला असता आणि मग ते सगळे त्याच्यावर आले असते.

"हट! हट!"

आमची सगळी ओळ दोनवर उठली. चेंडू जमिनीवरच. शिट्टी वाजली, चेंडूआधी हलल्याबद्दल आम्ही पाच यार्ड मागे गेलो. कोचने टोपी जमिनीवर आपटली. आता तुम्ही म्हणाल, कोचने मलाच का नाही काढलं? कुणाला आणणार? राखीव सेंटर डिसेंबरात मनगट मोडून घरी बसला होता. त्या दिवशी पूर्ण संघात चेंडू देणारा मी एकटा होतो.

गोलात मी म्हणालो, "आता कोणी हलू नका. मी चेंडू देणार नाही."

"वेडा झालास का?" ओळीत माझ्या शेजारी खेळणारा गार्ड ओटिस म्हणाला.

"डेल बाहेर जाईपर्यंत नाही."

पुन्हा वाकलो. तीस सेकंदांत चेंडू हलला नाही तर शिट्टी होते. तीस सेकंद म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. साठ हजार माणसं मला शिव्या देत होती आणि त्यातली निम्मी आमच्या चर्चमधली असावीत असं मला वाटलं.  मोझेस टिलमन माझ्या खांद्यावरून डेलकडे बघत होता.

"हट. हट," डेल म्हणाला. मग हळूच, "चेंडू दे ना."

मी बोटं आवळून धरली. शिट्टी झाली. आणखी पाच यार्ड.

डेल वळसा घालून माझ्या समोर आला. माझ्या हेल्मेटची जाळी धरून त्याने मला उभं केलं. "माझा चेंडू आहे तो," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. मी म्हणालो, "तुझाच आहे." दुसरं काय म्हणणार? तेवढ्यात बाहेरून राखीव क्वार्टरबॅक लेनी धावत आला, घाबरून पांढराफटक पडलेला. डेल मैदानाबाहेर गेला. कोणीतरी त्याच्या खांद्यावर कोट टाकला आणि तो बाकावर आपल्या बुटांकडे बघत बसला. लेनीने त्या सामन्यात पुढे काय केलं ते नंतर सांगतो, कारण त्यात माझी फजिती आहे.

घरी जाताना गाडीत डेलने मार्लिसला तीन वेळा विचारलं, आपण कुणाशी खेळलो. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, आत रक्त साकळलं होतं. पुन्हा खेळायचं नाही, त्यांनी सांगितलं. आणखी एक फटका बसता तर मार्लिसला काळे कपडे शिवावे लागले असते, हेही सांगितलं. मला वाटलं, आता तरी डेल समजून घेईल.

महिन्याभराने त्याचा फोन आला. आवाज पूर्वीसारखाच, खणखणीत.

"डोकं माझं होतं, कॅझ. सामना माझा होता. बारा वर्षं माझी होती. ठरवणारा तू कोण?"

"मी सेंटर," मी म्हणालो.

"तुला मी एकच गोष्ट मागितली होती," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर एकतीस वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. ते दोघं टेक्ससला परत गेले. दर नाताळला मार्लिसचं कार्ड यायचं, खाली तिचीच सही. मी रागावलो होतो, हे कबूल करतो. जीव वाचवला आणि वर मीच गुन्हेगार! त्याचं नाव काढलं की मी ताट सरकवून उठायचो. मग राग हळूहळू गेला आणि नुसती त्याची आठवण यायला लागली. तो प्रश्न मात्र राहिला. ठरवणारा मी कोण? याला मला आजही उत्तर सुचलेलं नाही. तसाच प्रसंग पुन्हा आला तरी मी चेंडू देणार नाही, एवढंच सांगू शकतो.

दोन वर्षांपूर्वी मी रविवारी चर्चच्या आवारात गाडी ठेवली, चालत घरी आलो आणि गाडी चोरीला गेल्याची तक्रार पोलिसांत केली. नंतर जावयाला मी दुपारभर भावाच्या नावाने हाक मारत होतो. आयरीन मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी विचारलं, डोक्याला कधी मार लागला होता का? मी हसलो. चौदा हंगाम, सामन्याला साठ-सत्तर वेळा, सराव वेगळा. मीच तो लावून घेत होतो आणि त्याला काम म्हणत होतो. माझी घंटा किती वेळा वाजली असेल ते देव जाणे. मी खाली वाकलेला असायचो, माझं तोंड कोणाला दिसणार?  घरी आल्यावर आयरीन म्हणाली, "त्याचं डोकं बघायला तू होतास. तुझं बघायला मी होते, आणि मी वरच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते." तिची समजूत काढता काढता माझ्या नाकी नऊ आले.

मागच्या ऑक्टोबरात कोच ब्रूबेकर गेले. चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅम आणि बटाट्याचं सॅलड, दुसरं कधी असतं? मी आणि आयरीन एका टेबलाशी बसलो होतो आणि समोरची खुर्ची ओढून डेल हार्ग्रेव्ह बसला. केस सगळे गेले होते. खांदा एका बाजूला उतरला होता. पण डोळे लख्ख.

"कॅझ."

"डेल."

"एक गोष्ट बोलायची आहे. एकतीस वर्षं बोलायची आहे. विमानात पाठ करून आलोय, तेव्हा मध्ये बोलू नकोस."

मला इतका आनंद झाला होता की मी मध्येच बोललो. मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, "डेल, देवाची कृपा म्हणायची की लेनीने तो शेवटचा चेंडू कोपऱ्यात बरोबर टाकला. हरलो असतो ना, तर मी तुला जन्मात तोंड दाखवलं नसतं."

 डेलने आयरीनकडे बघितलं. आयरीन आपल्या ताटाकडे बघत होती. मग तो माझ्याकडे बघत राहिला, खूप वेळ, पूर्वी मैदानावर समोरची ओळ वाचायचा तसा.

"जिंकलो ना रे आपण?" मी विचारलं. दोघांचे चेहरे बघून मला थोडी शंका आली होती.

"जिंकलो," डेल म्हणाला. "बरा टाकला लेनीने."

"मग? काय बोलायचं होतं?"

"तू फार जाडा झालायस, एवढंच," तो म्हणाला, आणि माझ्या ताटातला हॅम उचलून खाल्ला.

आम्ही दोन तास बसलो. मी इतका हसलो की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं. निघताना त्याने मला मिठी मारली आणि सोडेचना. मीच म्हणालो, "अरे, लोक बघतायत."

परत येताना आयरीन गाडी चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली, "कॅझ, तुम्ही हरला होतात."

मी तिच्याशी भांडलो. घरी येऊन तिने माळ्यावरचं खोकं काढलं, त्यातलं कात्रण माझ्यासमोर ठेवलं. सतरा-तेरा. लेनीने चेंडू फेकला तो त्यांच्या माणसाच्या हातात. मी ते चार वेळा वाचलं. तो कोपऱ्यातला विजयी टचडाउन मला आजही स्वच्छ दिसतो, चेंडू झेलणाऱ्याच्या हिरव्या मोज्यांसकट. कुठल्या सामन्यातला आहे देव जाणे. मी कागदावर लिहून फ्रिजवर लावलं: हरलो होतो. डेलला माहीत आहे.

डेल हार्ग्रेव्ह कधी काही सहज हरला नाही. सरावात हरला तरी जेवायचा नाही. पत्त्यांत हरला तर पत्ते मोजायचा. त्या एका पराभवापायी त्याने मला एकतीस वर्षं आयुष्यातून काढून टाकलं होतं, आणि तोच माणूस विमानभर पाठ केलेलं सगळं गिळून मला सामना देऊन गेला. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून रडलो, आयरीनसमोर, लाज न बाळगता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद समोर ठेवला आणि त्याला फोन लावला. मला खरं कळलंय, असं सांगणार होतो. माफी मागणार होतो. कशाची, ते ठरलं नव्हतं.

"कसा आहेस?" डेलने विचारलं. आवाजात काळजी होती, आणि ती लपवायचा प्रयत्नही होता.

मी कागदाकडे बघितलं.

"मजेत," मी म्हणालो. "काल तुझ्या तोंडून ऐकलं ना, जिंकलो म्हणून. बरं वाटलं."



"मलाही," डेल म्हणाला.

मग आम्ही अर्धा तास गुडघ्यांबद्दल बोललो.